दुधाच्या दातांचा प्रश्न

एप्रिल १९५१मध्ये अन्यूरिन बेव्हन यांनी ब्रिटनच्या मजूर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याचे निमित्त दातांच्या कवळ्या हे होते. १९४८मध्ये ज्यांच्या हातून त्या देशाची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली, त्या या वेल्श खाणकामगाराच्या मुलाला अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी शस्त्रसज्जतेच्या खर्चापायी कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसवावा, हे मान्य झाले नाही. तिजोरीत त्यातून पडणारी रक्कम फार मोठी नव्हती. परंतु ज्या सेवेचे तत्त्वच मुळी रुग्णाने दाराशी पैसे मोजू नयेत हे होते, त्या सेवेच्या भिंतीला पाडलेले ते पहिले भोक होते, आणि ते दातांच्या जागी पडले हा योगायोग नव्हता. दात हा शरीराचा असा भाग, की ज्याची उपेक्षा करण्यात कोणत्याही अर्थमंत्र्याला फारशी लाज वाटत नाही.

आपल्याकडे दातांवरून कोणी मंत्रिपद सोडील, ही कल्पनाच हास्यास्पद वाटावी. त्यातून ते दात दुधाचे असले, म्हणजे तर बोलायलाच नको. तीन वर्षांच्या मुलाची पुढची वरची चारही दाते काळी पडून हिरडीशी झिजली आहेत, मूल रात्री रडते आहे, भाकरीचा घास एकाच बाजूला ढकलते आहे, असे दृश्य ज्या कार्यकर्त्याने पाहिले नाही तो वस्तीत फिरलेलाच नाही असे खुशाल समजावे. आणि त्यावर घरातून, शेजारातून, पुष्कळदा दवाखान्यातूनही मिळणारे उत्तर एकच असते : दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.

पडणार आहेत हे खरे. पण केव्हा? पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात तोंडात असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, मात्र मागच्या दाढा दहाव्या, कधी बाराव्या वर्षापर्यंत राहतात. म्हणजे ज्या वयात शरीर वाढायचे, त्या वयाची सात-आठ वर्षे मुलाला याच दाढांवर जेवायचे असते. दुधाच्या दातावरचे कवच पक्क्या दाताच्या कवचापेक्षा पातळ असते. त्यामुळे कीड शिरेपर्यंत जो काय अवकाश मिळतो तो मिळतो; एकदा शिरली की मज्जेपर्यंत पोचायला तिला फार दिवस लागत नाहीत. मग गळू, सूज, ताप. वेळेआधी दाढ काढावी लागली तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. त्यात भर अशी, की सहाव्या वर्षी जी पहिली पक्की दाढ उगवते ती कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप उगवते. आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. आयुष्यभर पुरायची ती दाढ दहाव्या वर्षाच्या आत पोकळ होते, आणि तेव्हाही घरात उत्तर तेच असते : पडणारच आहे!

‘कीड’ हा शब्दही आपला घात करतो. दातात अळी असते, ती मंत्राने किंवा धुरीने बाहेर काढता येते, ही समजूत या शब्दानेच जिवंत ठेवली आहे. वास्तविक तेथे अळी नसते. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात, तिच्यापासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताच्या कवचातील खनिज विरघळवते. लाळ हे आम्ल सौम्य करते, गेलेले खनिज काही प्रमाणात परतही देते. दिवसातून दोनतीनदा साखर तोंडात गेली तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला काहीतरी गोड चघळले जात असेल तर मिळत नाही. रात्री झोपेत लाळ अगदी कमी होते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणारे मूल आणि मध लावलेली चोखणी चोखणारे मूल, या दोघांचे वरचे दात सर्वांआधी जातात. या क्रियेचे पहिले चिन्ह काळे नसते, पांढरे असते. वरचा ओठ बोटाने उचलून पाहिले तर हिरडीलगत खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसते. त्या अवस्थेत दात वाचतो, ना इंजेक्शन लागते ना कोरणे. वर्षाच्या आत, किंवा पहिला दात दिसताच, मुलाला दंतवैद्याकडे न्यावे असे जे बालदंतवैद्यक सांगते त्याचे इंगित या पांढऱ्या रेघेत आहे. दुखत नसताना नेलेल्या मुलाच्या मनात दंतवैद्याची धास्तीही बसत नाही. आपल्याकडे मात्र पहिली भेट गाल सुजल्यावर होते, आणि तोपर्यंत ‘डॉक्टर सुई टोचील हं’ या धाकाने मुलाची तयारी आधीच करून ठेवलेली असते.

हे सारे ज्ञान सांगून झाल्यावर सुखवस्तू माणूस साधारणतः एका वाक्यात निकाल देतो : आईचे दुर्लक्ष. या निकालाला सर्व शक्तीनिशी विरोध केला पाहिजे. पहाटे उठून वीटभट्टीवर किंवा भुईमुगाच्या रानात जाणारी बाई मुलाच्या हातात चहाची बशी आणि पाच रुपयांच्या पुड्यातले बिस्कीट देते, ते तिला दातांचे शास्त्र ठाऊक नाही एवढ्यासाठी नव्हे. त्या वेळी, त्या पैशांत, चूल न पेटवता पोरगे गप्प करील असा दुसरा पदार्थ बाजाराने तिच्यापुढे ठेवलेलाच नाही. वस्तीत पिण्याचे पाणी येवो न येवो, तो पुडा मात्र प्रत्येक टपरीवर न चुकता पोचतो. बाजाराची ही तत्परता थेट तान्ह्या मुलांपर्यंत जाते. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने एप्रिल २०२४मध्ये दाखवून दिले, की एक बहुराष्ट्रीय कंपनी सहा महिन्यांपुढील बाळांसाठी जे पीठ भारतात विकते त्यात दर वाढणीला सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर वरून घातलेली असते, आणि त्याच वयाच्या बाळांसाठी तीच कंपनी जर्मनीत वा ब्रिटनमध्ये विकते त्यात ती नसते. एकाच कारखानदारीच्या दोन नीती! शिशुदुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारा कायदा या देशाने १९९२मध्ये केला, २००३मध्ये तो कडक केला. पण साखरेच्या बाबतीत कायद्याचा हात थबकतो. आणि बाजाराला बोल लावताना अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी मिळालेल्या शिऱ्याच्या नि सुकडीच्या पाकिटांची आठवण ठेवणेही प्रामाणिकपणाचे होईल. कुपोषणावर उतारा म्हणून सरकारने दिलेल्या खाऊतही गोडाची सवय होतीच.

कराचेही असेच. टूथपेस्ट आणि ब्रश यांवर जुलै २०१७पासून १८ टक्के वस्तू आणि सेवा कर होता. तो ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. दात घासण्याचे साधन आठ वर्षे चैनीच्या वस्तूंच्या शेजारी बसले होते, आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही. ज्या घरी ब्रश परवडला नाही तेथे मिश्री होतीच. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२मध्ये केंद्र सरकारने बंदी केली, पण तव्यावर भाजलेली घरची मिश्री कोणत्या कायद्याला सापडणार? दाढ दुखणाऱ्या पोराच्या हिरडीवर ती चोळणारी आजी त्याला बरे करायलाच बघत असते. तंबाखूची पहिली दीक्षा अशी औषध म्हणून मिळते.

प्रश्न किती मोठा, हे सांगायला आकडे आहेत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना दंतक्षय आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे दुधाच्या दातांना कीड लागलेली मुले जगभरात ५१ कोटींवर आहेत. आणि तरीही कुपोषणाची मोजणी करताना आपण मुलाचे वजन करतो, उंची घेतो, दंडाला पट्टी लावतो. मुलाच्या तोंडात मात्र कोणी पाहत नाही. जे तोंड दुखते म्हणून बंद आहे त्यात पोषक आहार जावा कसा, हा साधा प्रश्न पोषणाच्या तक्त्यात बसत नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अर्थातच खोटे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३मध्ये झाला तो आपल्या पालघरमध्येच. फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासायची, आणि ज्या विकारांची नोंद घ्यायची त्यांत दातांची कीडही आहे. योजना म्हणून ती उत्तम आहे. २०१४-१५मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला. २०१८पासून आयुष्मान केंद्रांच्या सेवांच्या यादीत मुखारोग्याची भर पडली. याद्यांच्या बाबतीत आपले शासन कधीच कमी पडत नाही. पण पथकातील डॉक्टर मुलाच्या तोंडात बॅटरी मारतो, कार्डावर नोंद करतो, ‘पुढील उपचारासाठी पाठवावे’ असा शेरा लिहितो आणि गाडी पुढच्या गावाला जाते. शेरा हातात घेऊन आईने जायचे कोठे? सामुदायिक आरोग्य केंद्राच्या मानकात दंतशल्यचिकित्सकाचे पद आहे. पण पद असणे, पदावर माणूस असणे, माणूस असून खुर्ची चालू असणे, आणि खुर्ची चालू असून भरायचे सिमेंट शिल्लक असणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या चारही एका दिवशी जुळल्या तर दात भरला जातो. न जुळल्यास बसभाडे आणि एका दिवसाची मजुरी गेली, आणि पोरगे सुजलेला गाल घेऊन परत आले. दुसऱ्यांदा ती आई जाणार नाही, आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘पालक अनुपस्थित’ असे लिहिले जाईल. विमा योजनांचा येथे उपयोग नाही, कारण त्या मुख्यतः रुग्णालयात खाट अडवून घ्यायच्या उपचारांसाठी आहेत आणि दात भरायला खाट लागत नाही.

पालघरचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवावी. याच जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. ज्या ‘अंगणवाडी’चा शब्द नंतर साऱ्या देशाने उचलला तिचे मूळ येथले. मुलाला न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, हा त्या शिक्षणातला उपचार नव्हता. तो पहिला धडाच होता. (वारल्यांचा लढा उभा राहिला तोही १९४५मध्येच आणि याच पट्ट्यात. बालशिक्षण आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव एकाच मातीत एकाच साली रुजावेत, याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.) १९७५मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशात ३३ प्रकल्पांनिशी आरंभ केला तेव्हा अंगणवाडी हे नाव आले, पण तो पहिला धडा वाटेत कोठेतरी गळाला.

बरे, दंतवैद्यांचा या देशात तुटवडा आहे काय? मुळीच नाही. १९२०मध्ये रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. आज देशात तीनशेहून अधिक आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. महाराष्ट्रात १९८३मध्ये विनाअनुदान व्यावसायिक शिक्षणाची दारे उघडली गेली, त्यानंतर हे पीक कसे फोफावले हे नव्याने सांगायला नको. लाखो रुपये भरून पदवी मिळवलेला तरुण शहरातल्या कोणाच्या तरी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतो, कारण स्वतःची खुर्ची घेण्याची ऐपत नाही आणि सरकारी पदाची जाहिरात निघत नाही. गावात मूल दंतवैद्याशिवाय आणि शहरात दंतवैद्य रुग्णाशिवाय. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण या अर्थव्यवस्थेला इतकी चपखल बसावी, हा काही केवळ विनोद नव्हे.

या कोंडीतून वाट काढणारे देश श्रीमंतच होते असेही नाही, आणि श्रीमंत देशांना ती आपोआप सापडली असेही नाही. न्यूझीलंडने १९२१मध्ये शालेय दंतसेवा सुरू केली. दोन वर्षे शिक्षण दिलेल्या स्त्रिया शाळेशाळेत बसून मुलांचे दात तपासू आणि भरू लागल्या, तेही विनामूल्य. डॉक्टरांच्या संघटना सर्वत्र कुरकुरतात तशा तेथेही कुरकुरल्या, पण सेवा टिकली आणि पुढे तिचे अनुकरण इतर देशांनी केले. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यास टांझानियात वीज आणि यंत्र यांवाचून, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून काचसिमेंट भरण्याची रीत विकसित झाली. ती झाडाखालच्या बाकावरही करता येते. चांदीयुक्त फ्लोराइडचा एक थेंब कीड जागच्या जागी थोपवतो. डाग काळा पडतो, पण दुखणे थांबते आणि कोरावे लागत नाही. हे दोन्ही पदार्थ जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये आवश्यक औषधांच्या आपल्या यादीत घेतले. स्कॉटलंडमध्ये बालवाडीतील मुले रोज बाईंच्या देखरेखीखाली दात घासतात, आणि मुलांचा दंतक्षय तेथे स्पष्टपणे घटला. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे किडलेले दात हेच राहिले. बेव्हनच्या देशात हे व्हावे! भिंतीला पडलेले ते भोक पुढे केवढे झाले याची साक्ष त्यावरून पटावी.

आता एक आक्षेप, जो विरोधकांकडून नव्हे तर कार्यकर्त्यांकडूनच येतो. रोजगार हमीची मजुरी थकली आहे, रेशनवर धान्य येत नाही, आणि पोरांच्या दातांचे काय घेऊन बसलात? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्यात एक जुनी चूक दडलेली आहे. कष्टकऱ्याच्या शरीराचा जो भाग मजुरीला लागत नाही तो त्याच्या मागण्यांतही बसत नाही, ही मालकाची दृष्टी आहे. ती चळवळीने नकळत उसनी घेतली. दात ही मध्यमवर्गाची हौस आहे असे मानले गेले, आणि म्हणून आरोग्याच्या मागणीपत्रांत रुग्णवाहिका, सर्पदंशाची लस, प्रसूतिगृह हे सारे आले पण मुलाची दाढ क्वचितच आली. रात्रभर ठणकणाऱ्या दाढेने जागे राहिलेले मूल सकाळी वर्गात पेंगते आणि गुरुजी त्याला ‘ढ’ ठरवतात. त्याच्या हजेरीचे आणि त्याच्या वजनाचे नाते त्या दाढेशी आहे, हे दाखवून देणे कार्यकर्त्याचेच काम आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. अंगणवाडीच्या साहित्यात मुलागणिक एक ब्रश आणि केंद्रागणिक फ्लोराइडयुक्त पेस्ट यावी; खिचडीनंतर मुलांनी एकत्र दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यावरील मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी लागत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड येथील ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, जेथे मुलांचे पक्के दात उगवतानाच डागाळलेले उगवतात, तेथे आधी पाणी बदलण्याची मागणी लावून धरली पाहिजे. तेथल्या तपकिरी दाताला कीड समजून मुलाला दोष देणाऱ्यांचीही समजूत घातली पाहिजे. तपासणीच्या पथकाबरोबर काचसिमेंट आणि चांदीचे औषध असावे, म्हणजे शेरा लिहिण्याऐवजी उपचार त्याच बाकावर होईल. १९४८च्या दंतवैद्य कायद्यात दंतस्वच्छता करणाऱ्या प्रशिक्षित सेवकांची तरतूद होती. तशा तरुण मुली तालुक्यागणिक नेमल्या तर न्यूझीलंडने शंभर वर्षांपूर्वी केले ते जव्हार-मोखाड्यात न होण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा फलक लावून भरणारी, पेस्टच्या चिमुकल्या नळ्या वाटून छायाचित्र काढणारी शिबिरे या सेवेची जागा घेऊ शकत नाहीत. किंबहुना त्या नळ्या कोणाच्या विक्रीखात्यातून येतात हे मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नसावी.

हे काम पुन्हा अंगणवाडी सेविकेच्याच खांद्यावर टाकायचे काय, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस पन्नास दिवसांच्या आसपास संपावर होत्या. नोंदी, सर्वेक्षणे, मोबाईलमधील माहिती, लसीकरण, निवडणुकीची कामे हे सर्व करूनही ज्यांना शासन ‘कर्मचारी’ म्हणत नाही, ‘मानधनी’ म्हणते, त्यांच्याकडे आणखी एक रकाना सोपवणे हा अन्याय होईल. तेव्हा दातांची मागणी आणि सेविकेच्या वेतनाची मागणी ही एकाच कागदावर आली पाहिजे, एकीच्या बदल्यात दुसरी नव्हे.

आरोग्य पथकाच्या गाडीचा महिन्याचा दौरा आधी ठरलेला असतो आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात मागता येतो. पथक वस्तीवर येईल त्या दिवशी दोन कार्यकर्त्यांनी तेथे हजर राहावे. किती मुलांच्या कार्डावर दातांचा शेरा पडला ते मोजावे, त्यांची यादी ठेवावी, आणि महिन्याने त्या घरी जाऊन मुलाचा ओठ उचलून पाहावा. ज्या मुलांचे काहीच झाले नसेल त्यांची संख्या पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि रुग्ण कल्याण समितीला लेखी उत्तर मागावे.